लढाईचे कागद आणि 'बाकीचे' कागद : दफ्तर सांभाळणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग, राष्ट्रीय अभिलेखागार आणि पलटणींच्या प्रशिक्षण केंद्रांत जुनी दफ्तरं सांभाळणारे सर्व अधिकारी व कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

काही वर्षांपूर्वी एका दफ्तरखान्यात मी जुन्या कागदांची चौकशी करायला गेलो होतो. कुठला दफ्तरखाना ते सांगत नाही, कारण तक्रार त्या जागेची नाही. दाराशी सुतळीनं बांधलेले दहा-बारा गठ्ठे रचून ठेवले होते आणि वरच्या गठ्ठ्यावर निळ्या पेन्सिलीची फुली होती. खाली वाकून पाहिलं तर सायक्लोस्टाइल केलेले पिवळे कागद. नकाशावाचनाचे सराव, रात्रीच्या गस्तीसाठी सूचना, बंदुकीच्या चांदमारीचे तक्ते, आणि मध्येच एक हातानं भरलेला गस्तीचा अहवाल, कडा खाल्लेला. मी विचारलं, हे कुठे चाललं? तिथले कारकून म्हणाले, "अहो, ते लढाईचं नाही. ट्रेनिंगचं आहे, आणि थोडं खबरीबिबरीचं. लढाईचं सगळं आम्ही नीट ठेवलंय."

माणूस चांगला होता. त्यानं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, आणि 'नीट ठेवलेलं' खरोखरच नीट होतं. पण त्याच्या त्या वाक्याशी मी तेव्हापासून मनातल्या मनात भांडतोय. ते भांडण आज तुमच्यासमोर मांडतो, कारण त्या वाक्यात एक व्यक्ती बोलत नव्हती, एक सवय बोलत होती. लढाईचे कागद ते खरे, बाकीचे ते 'बाकीचे'.

ब्रिटिशकालीन वॉर डायरीचा छापील फॉर्म तुमच्यापैकी अनेकांनी हाताळला असेल. फॉर्म सी. २११८. त्याचं शीर्षकच मोठं मजेशीर आहे : 'वॉर डायरी किंवा इंटेलिजन्स समरी', आणि खाली बारीक अक्षरात सूचना, की यातलं नको असलेलं शीर्षक खोडावं. म्हणजे पलटणीनं दिवसभर काय केलं आणि शत्रूबद्दल काय कळलं, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाच रकान्यांत लिहायच्या असं तो फॉर्म छापणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं. जागा, तारीख, वेळ, घटनांचा व माहितीचा गोषवारा, आणि शेवटचा अरुंद रकाना परिशिष्टांच्या संदर्भासाठी. डायरी बहुधा पलटणीचा ॲडज्युटंट, म्हणजे कचेरीचं काम पाहणारा अधिकारी, किंवा इंटेलिजन्स ऑफिसर लिहायचा, कधी टाइप करून, कधी पेन्सिलीनं. ओळी कोरड्या असतात. अमक्या कंपनीची गस्त तमक्या वेळी निघाली, तमक्या वेळी परतली, 'परिशिष्ट क पाहा'.

गंमत इथेच आहे. डायरी हा सांगाडा आणि मांस सगळं परिशिष्टांत. गस्त कुठून गेली, कुठे थांबली, ओढ्याला पाणी किती होतं, पायवाटेवर ताजे ठसे होते की जुने, कुत्री भुंकली का, बंकरचं तोंड कुठल्या दिशेला होतं, हे सगळं त्या परिशिष्ट 'क'मध्ये. नकाशावर ठेवून उतरवलेलं ट्रेसिंग त्यातच. पुढच्या आठवड्याच्या प्रशिक्षणाचा हुकूम त्यातच. आणि फाइल जुनी झाली, दोरा सुटला, की आधी गळतात ती परिशिष्टं. डायरीला 'लढाईचं' म्हणून मान मिळतो, ती बांधून ठेवली जाते. परिशिष्ट 'बाकीच्या'त जातं.

हे मी हौसेनं म्हणत नाही. बर्मा मोहिमेचं उदाहरण घ्या. १९४२ च्या आरंभी बर्मात जपान्यांशी लढलेल्या हिंदी फौजेतल्या अनेक पलटणींची तयारी वाळवंटातल्या लढाईसाठी झाली होती. वाळवंटात शत्रू दुरून दिसतो, फौज मोटारगाड्यांवर चालते आणि आपली बाजू कुठली हे कळतं. शिवाय लष्कर भराभर वाढवायचं म्हणून जुन्या पलटणींतून अनुभवी हवालदार-नाईक काढून नव्या पलटणींत घातले जात होते. लष्करातला त्याला शब्द होता 'मिल्किंग', दूध काढणं. गाईचं दूध काढून काढून मग तिला शर्यतीला उतरवावं, तसा प्रकार. २३ फेब्रुवारी १९४२ ला सितांग नदीवरचा पूल आपल्याच लोकांनी उडवला, तेव्हा १७ व्या हिंदी डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या तीरावर होता. पुढची माघार सुमारे ९०० मैलांची. वर्षअखेरीस बर्माच्या किनाऱ्यावरच्या अराकानमध्ये पुन्हा चाल केली, तीही डोनबाइकच्या जपानी बंकरांवर डोकं आपटून १९४३ च्या मे महिन्यापर्यंत संपली.

आणि मग ही फौज एकाएकी सुधारली का? नाही. ती शिकली. जून १९४३ मध्ये दिल्लीत पायदळाचा विचार करण्यासाठी एक समिती बसली. तिनं सांगितलं की रंगरुटाचं पलटणीच्या केंद्रातलं शिक्षण वाढवा, आणि ते संपल्यावर त्याला सरळ आघाडीवर न पाठवता आणखी दोन महिने जंगलात घाला. त्यासाठी दोन अख्ख्या डिव्हिजनी लढाईतून काढून शिकवण्याच्या कामाला लावल्या, १४ वी छिंदवाड्याला आणि ३९ वी सहारनपूरला. 'मिलिटरी ट्रेनिंग पॅम्फ्लेट नंबर ९' हे पुस्तक १९४० मध्ये जंगलयुद्धावरच्या टिपणांच्या रूपानं निघालं होतं. त्याची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९४३ मध्ये निघाली आणि तिला नाव दिलं 'द जंगल बुक'. अधूनमधून निघणारी 'आर्मी इन इंडिया ट्रेनिंग मेमोरँडम' नावाची पत्रकं होती, ज्यांतून आघाडीवरचा ताजा अनुभव मागे शिकवणाऱ्यांपर्यंत पोहोचायचा.

आता मला सांगा, कारकूनबुवांच्या हिशेबात यातलं 'लढाईचं' काय? काहीच नाही. समितीचा अहवाल प्रशासनाचा, पॅम्फ्लेट प्रशिक्षणाचं, मेमोरँडम कालबाह्य. पण १९४२ ची फौज आणि १९४४ ची फौज यांच्यामध्ये जे घडलं ते फक्त या कागदांतच आहे. १९४० ची टिपणं आणि १९४३ ची आवृत्ती शेजारी ठेवून वाचा, कुठला परिच्छेद गेला, कुठला आला, कुठल्या शब्दावर जोर वाढला ते पाहा. तीन वर्षांत एका लष्कराचं डोकं कसं बदललं हे त्यात दिसतं. नवी आवृत्ती आली की जुनी नष्ट करा, असा कुठल्याही कार्यालयाचा शिरस्ता असतो. चालू कामासाठी तो बरोबरच आहे. इतिहासासाठी मात्र मारून टाकलेली जुनी आवृत्तीच हवी असते.

याची दुसरी बाजू खबरीची. १९४३-४४ मध्ये गस्ती बंकरांचा बारकाईनं अभ्यास करून परत येत होत्या. ओंडके किती जाड, माती किती हात, मारा कुठून कुठे. तो अभ्यास मागे गेला आणि त्यातून नवी रीत निघाली. रणगाड्यानं आधी फुटणारे गोळे मारून झाडी साफ करायची, मग उशिरा फुटणारे गोळे मारून बंकरचं तोंड उघडायचं, आणि शेवटी पायदळ अगदी जवळ पोहोचलं की न फुटणारे भरीव गोळे मारायचे, म्हणजे शत्रूचं डोकं खाली राहतं आणि आपल्या माणसांना किरचा लागत नाहीत. १९४४ च्या आरंभी अराकानमध्ये हे वापरलं गेलं. या रीतीचा जन्म शोधायचा तर कुठल्याशा नाइकानं रात्री पोटावर सरपटत जाऊन आणलेल्या मापांपर्यंत जावं लागतं. त्याचा तो कागद म्हणजे खबर की ट्रेनिंग की लढाई? तुमच्या वर्गीकरणात त्याला कुठला रकाना आहे?

आणि सांगशाक. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या त्या डोंगरावर ५० वी पॅराशूट ब्रिगेड अडकली होती आणि तिच्यासोबत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. पाणी नव्हतं, तारेचं कुंपण नव्हतं, खडकात खंदक खोदता येत नव्हते. त्या लढाईत पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा आणि कागद सापडले. जपान्यांची चाल कोहिमाकडे कशी आणि किती ताकदीनं होणार ते त्यात होतं. वरून मारा चालू असताना हे कागद ब्रिगेडच्या इंटेलिजन्स ऑफिसरनं इंफाळला पोहोचवण्याची व्यवस्था केली. २६ मार्चच्या रात्री ब्रिगेडला माघार घ्यावी लागली. पुढे कित्येक वर्षं तिच्या कपाळी पराभवाचाच टिळा राहिला. तो नकाशा वर पोहोचून त्याचं काय झालं, कुणी कधी वाचला, त्यावर कुठला हुकूम निघाला, या प्रश्नांवर इतिहासकार अजून हमरीतुमरीवर येतात. असे वाद आठवणींनी मिटत नाहीत. पोचपावत्यांनी मिटतात. नोंदवहीतल्या आवक क्रमांकानं मिटतात. नेमक्या त्या नोंदवह्याच आपण 'नित्याचं कार्यालयीन' म्हणून सगळ्यात आधी रद्दीत काढतो.

याच सांगशाकच्या मराठ्यांबद्दल वाचायचं तर मराठी माणसानं जायचं कुठे? आग्नेय आशियाच्या आघाडीवरच्या पलटणींच्या वॉर डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ १७२' या मालिकेत आहेत. कुणीही ओळखपत्र दाखवतो, वाचक होतो आणि समोर फाइल येते. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाचे पुष्कळ कागद इतिहास विभागात आहेत हे मी जाणतो. फाळणीनंतरही भारत आणि पाकिस्तान या दोघांनी मिळून एकच ऐतिहासिक विभाग चालवला आणि प्राध्यापक बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली महायुद्धाचा अधिकृत इतिहास अनेक खंडांत छापला. सीमेवर गोळ्या चालत होत्या तरी कागद वाटून न घेता एकत्र वाचले, ही गोष्ट आपण शाळेत का शिकवत नाही कोण जाणे. त्या खंडांमागचे कागद तुमच्याकडे आहेत. वाचकाला ते सहजी मिळावेत एवढंच राहिलंय.

इथे कुणी म्हणेल, बाबा रे, शौर्यकथा आहेतच की. आहेत. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीच्या काठी नामदेव जाधव यांनी काय केलं ते त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात आहे. कंपनीचे निरोपे होते ते. दोन जखमींना मारा चालू असताना बांधापलीकडे सुखरूप आणलं, एकट्यानं मशीनगनची ठाणी मोडली आणि मग बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी जे केलं तेही मानपत्रात आहे. पण मानपत्र एका तासाचं असतं. त्या तासाआधीचे महिने, नदीपाराच्या तालमी, कोण शिकवत होतं, कुठल्या भाषेत, काय चुकत होतं, कुणाला दोनदा परत पाठवलं, हे प्रशिक्षणाच्या कागदांत असतं. शौर्य आकाशातून पडतं असं मानायचं असेल तर ते कागद जाळायला हरकत नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नाही, म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तो पानिपताच्या काळातल्या पत्रांचा. त्या पत्रांत तलवारी कमी आणि चारा, पैका, नदीचा उतार, अमक्याची फौज तमक्या गावी आल्याची वार्ता हेच जास्त. त्या वार्ता म्हणजेच तेव्हाच्या 'इंटेलिजन्स समऱ्या'. एखाद्या कारकुनानं तेव्हा 'हे लढाईचं नाही, घोड्यांच्या चंदीचं आहे' म्हणून बाड ओढ्यात सोडलं असतं, तर आज आपल्याकडे पानिपतावर पोवाडे उरले असते, इतिहास नसता. आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पलटणींच्या बाबतीत मग आपण एवढे उदार कसे?

आता कायद्याकडे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ तुम्हाला पाठ असेल. १८९२ पूर्वीचा कागद नष्ट करायचा नाही असं त्यात स्पष्ट आहे. अपवाद फक्त अभिलेख म्हणून काहीच उपयोग होणार नाही इतक्या खराब झालेल्या कागदाचा. पण आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्याचे कागद १९१६ चे. तिथे मराठ्यांच्या पलटणी उपाशी शरण गेल्या. सांगशाक १९४४, सेनिओ १९४५. सगळं त्या रेषेच्या अलीकडचं. म्हणजे आपल्या दोन्ही महायुद्धांना त्या कलमाचं छत्र नाही आणि सारी भिस्त दर वेळी 'ठेवावं की काढावं' ठरवणाऱ्या माणसावर. शिक्षेची तरतूद आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण शिक्षा नियम मोडला तर आहे. नियमानुसार गेलेल्या गठ्ठ्याला कोण विचारतो?

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं नवं धोरण जाहीर केलं तेव्हा मी खरंच पेढे वाटायच्या बेतात होतो. कागद साधारणपणे २५ वर्षांत खुले करावेत. त्याहून जुने कागद अभिलेख-तज्ज्ञांनी पाहून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यावेत. युद्ध संपल्यापासून दोन वर्षांच्या आत सहसचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी आणि मग तीन वर्षांत इतिहास लिहून पुरा करावा. धोरण चांगलं आहे, हे मनापासून म्हणतो. पण त्यात इतिहास विभागाकडे काय काय सोपवायचं याची यादी वाचा. वॉर डायऱ्या, नौदलाची कार्यवृत्तं, हवाई दलाची ऑपरेशनल रेकॉर्ड बुकं, इत्यादी. प्रशिक्षण कुठे आहे? गस्तीचे अहवाल, पकडलेल्या कागदांचे तर्जुमे, युद्धकैद्यांचे जबाब कुठे आहेत? 'इत्यादी'त. माझं सगळं पत्र त्या 'इत्यादी'बद्दल आहे.

'इत्यादी'चं काय होतं याचं उदाहरण १९७१ चं. २०१० साली वृत्तपत्रांत आलं की पूर्व विभागाच्या मुख्यालयातले बांगलादेश युद्धाचे पुष्कळ कागद युद्धानंतर लौकरच नष्ट झाले होते. मुक्तिबाहिनीच्या प्रशिक्षण शिबिरांची कागदपत्रं त्यात होती असं म्हटलं गेलं. युद्धाच्या वेळी त्याच विभागाचे चीफ ऑफ स्टाफ असलेले लेफ्टनंट जनरल जेकब यांनी सांगितलं होतं की १९७४ मध्ये त्या विभागाची सूत्रं घेतल्यावर त्यांनी कागद मागितले तेव्हा ते फाडून टाकल्याचं कळलं. हजारो तरुणांना कसं शिकवलं, काय दिलं, कुठून आत सोडलं, कुठली खबर त्यांनी आणली, हे आता दोन्ही देशांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायचं. ते म्हातारेही दर वर्षी कमी होताहेत.

आणि १९६२. या एका गोष्टीपाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तिथे एक मराठी माणूस उभा आहे. चीनशी झालेल्या युद्धातल्या पराभवानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांच्याकडे चौकशी सोपवली. भगत स्वतः महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. अहवाल आजतागायत अधिकृतपणे खुला झालेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी परस्पर लोकांसमोर ठेवला. पण २ सप्टेंबर १९६३ ला संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं, ते तर उघडच आहे. चौकशीचे विषय त्यांनी सांगितले, आणि त्यातला पहिला होता प्रशिक्षण. मूळ शिक्षण पक्कं होतं, असं ते म्हणाले. पण ज्या भूमीवर लढायचं तिच्याकडे पाहून ते घडवलेलं नव्हतं, आणि चीनशी युद्ध होईल या अंगानं तर नाहीच. त्यामुळे चिनी फौजेचे डावपेच, शस्त्रं, कुवत यांची हवी ती माहिती आपल्या जवानांना नव्हती. खबर मिळवण्याच्या आणि वर कळवण्याच्या कामातही उणीव होती, हेही त्यांनी झाकलं नाही.

हे वाचताना मला सितांग आठवतो. तिथे वाळवंटासाठी तयार झालेली फौज जंगलात गेली, इथे दुसऱ्याच शत्रूसाठी तयार झालेली फौज हिमालयात. मधे फक्त वीस वर्षं. छिंदवाड्यात ज्यांनी शिकवलं त्यांच्यातले कित्येक १९६२ मध्ये नोकरीत असतील, पण छिंदवाड्यातले कागद कुणी उघडून पाहिले होते? हा आरोप नाही, प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तरही तुमच्याच कपाटांत आहे.

मला माहीत आहे, तुमच्याकडे माणसं थोडी आणि कपाटं कमी. सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही. पगारपत्रकांच्या आणि शिधामागणीच्या हजार प्रती ठेवून कुणाचं भलं होणार नाही, नमुन्यादाखल काही वर्षांच्या ठेवल्या तरी चालेल. खबरीच्या कागदांत सीमेवरच्या माणसांची नावं असतात, हेही खरं. १९४२ पासून आसाम-बर्मा सरहद्दीवर 'व्ही फोर्स' ही टेहळणीची फौज ज्यांच्या जोरावर चालली ते नागा, कुकी गावकरी होते आणि त्यांची नातवंडं आज तिथेच राहतात. अशी नावं झाकून कागद खुला करता येतो. नाव झाकणं वेगळं आणि कागद जाळणं वेगळं.

मागणी साधी आहे. प्रशिक्षण किंवा टेहळणी एवढाच शिक्का पाहून कुठलाही १९७५ पूर्वीचा कागद, बाहेरचा एक अभिलेख-तज्ज्ञ तो उघडून पाहत नाही तोवर, फुलीच्या गठ्ठ्यात जाऊ नये. डायरीची परिशिष्टं डायरीपासून तोडू नयेत. तुटलेली असतील तर निदान कुठली नाहीत त्याची चिठ्ठी फाइलीत लावावी. स्कॅनिंगची घाई नंतर करा, आधी सूची करा. सूचीविना स्कॅन म्हणजे सुतळीऐवजी हार्डडिस्कमध्ये बांधलेला गठ्ठा, एवढाच फरक. केंद्रांमधल्या शिक्षकांनी स्थानिक पातळीवर केलेले तर्जुमे विशेष जपा, कारण वरून आलेलं पॅम्फ्लेट क्यूमध्येही मिळेल, पण ते रोमन उर्दूत किंवा मराठीत समजावताना कोणा सुभेदारानं काय बदललं ते जगात दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. १९९७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं आझाद हिंद सेनेच्या ९९० फाइली राष्ट्रीय अभिलेखागाराला दिल्या. त्यात इंटेलिजन्सवाल्यांनी घेतलेले जबाबही आहेत, आणि त्या दिल्यानं आभाळ कोसळलं नाही. उलट ज्यांची घरं आयुष्यभर 'गद्दार की देशभक्त' या वादात होरपळली, त्यांना बापाचे शब्द वाचायला मिळाले, ते ज्यानं लिहून घेतले तो शत्रुपक्षाचा असला तरी.

असंच पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या पत्रांचं. फ्रान्समधून घरी गेलेली मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली. उरले ते सेन्सॉरनं इंग्रजीत उतरवून घेतलेले उतारे. आपल्या माणसांचा आवाज टिकला तो त्यांच्यावर पाळत होती म्हणून. पाळतीच्या कागदाला 'गुप्त' म्हणून किंवा 'कालबाह्य' म्हणून हात लावण्याआधी एवढं ध्यानात असू द्या.

शेवटी एक घरचं काम. माझे आजोबा महायुद्धात पायदळात हवालदार होते, शिकवण्याच्या कामावर. त्यांची एक खिशात मावेल एवढी वही आमच्याकडे आहे. निम्मी मराठीत, निम्मी रोमन उर्दूत, पेन्सिलीनं. ब्रेनगन या हलक्या मशीनगनच्या पानावर मॅगझिनचं चित्र काढलंय आणि शेजारी मोठ्या अक्षरात २८. मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावतात, पण ३० भरल्या की स्प्रिंग दाबून राहते आणि गोळी अडकण्याची भीती असते, म्हणून दोन कमी. ते २८ त्यांनी तीनदा गिरवलंय, कागद फाटेपर्यंत. पुढच्या पानावर आठ-दहा नावं आहेत, त्यांतल्या काहींपुढे बारीक फुली. ती फुली चुकांची, परीक्षेत नापास झालेल्यांची की आणखी कशाची, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. त्या तुकडीची हजेरी किंवा चांदमारीचा तक्ता कुठल्या केंद्रात शिल्लक असेल, तर नावं जुळवून अजूनही कळेल.

वही मी द्यायला तयार आहे. मूळ प्रत, मोबदला नको. फक्त तिला एक नोंदणी क्रमांक पडावा आणि त्या क्रमांकाची पोच माझ्या हातात यावी.

आपला नम्र,
एका हवालदाराचा नातू